ओख्याला पेटी न्यायची, पण कधी?

(सेंट्रल लायब्ररीच्या दारात, मागे मांडवीचा गोंगाट)

नमस्कार मंडळी! आज बसलेय आपल्या बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीबाहेर. आतल्या काचेच्या फरशा तुम्ही शाळेच्या सहलीत बघितल्या असतील, म्हणून त्यांचं कौतुक आज नाही. आज बोलायचंय पुस्तकांच्या एका लाकडी पेटीबद्दल. ती पेटी घेऊन आपण थेट ओख्याला, गुजरातच्या पश्चिम टोकाच्या बंदरावर जाणार आहोत.

ओखा म्हटलं की आपल्या घरांत द्वारकेची यात्रा आठवते. माझी आजी बेट द्वारकेला तीनदा गेली आणि तिन्ही वेळा बोटीत तिला मळमळलं. ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकलीय की आम्हालाच बोट लागायची. २०२४च्या फेब्रुवारीत सुदर्शन सेतू सुरू झाला आणि तिथं गाडी जायला लागली. पण यात्रेकरू दर्शन घेतो, प्रसाद घेतो आणि परततो. शेजारच्या जेटीवर खलाशी म्हणून चढणारा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा त्याला दिसत नाही. मलाही दिसला नव्हता.

आता बडोद्याचा आणि त्या टोकाचा संबंध काय? तर ओखामंडळ गायकवाडांचं होतं. बडोदा राज्याचा जुना नकाशा काढून बघा, फाटलेल्या गोधडीसारखा दिसतो. बडोदा इकडे, कडी वर, नवसारी खाली, अमरेली काठियावाडात आणि ओखामंडळ पार पश्चिमेला, कच्छच्या आखाताच्या तोंडाशी. मध्ये दुसऱ्यांची संस्थानं. हुकूम इथून सुटायचा, पण तिथे काय पोचायचं हा प्रश्न तेव्हाही होताच. वाघेरांनी, म्हणजे तिथल्याच एका जमातीने, १८५७च्या सुमारास जे बंड केलं, जोधा माणेक आणि मुळू माणेक यांचं, ते याच मुलखात.

सयाजीराव महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण पहिल्यांदा १८९३ मध्ये अमरेली भागातल्या मोजक्या गावांत करून बघितलं. राजधानीत नाही बरं का, लांबच्या प्रांतात. राज्यभर लागू केलं १९०६ मध्ये. मग पुढचा पेच आला: पोरं वाचायला शिकली, पण वाचायचं काय? महाराजांनी अमेरिकेतली ग्रंथालयं बघितली होती. १९१० मध्ये त्यांनी तिथून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले. ते तीनेक वर्षं राहिले आणि जे उभं केलं त्यातलीच ही पेटी.

फिरतं ग्रंथालय म्हणजे काय, तर पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी. पेटी गावात जायची, वाचून झाली की परत यायची आणि दुसरी निघायची. वाहतुकीचा खर्च सरकारचा. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी वेगळी शाखा होती: जादूचा कंदील (काचेवरची चित्रं पडद्यावर दाखवणारं यंत्र), चित्रं, पुढे सिनेमासुद्धा. आणि गावाला कायमचं ग्रंथालय हवं असेल तर खर्चाचा एक हिस्सा गावाने उचलायचा, एक प्रांत पंचायतीने, एक सरकारने. मला यातला गावाचा हिस्सा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्याने वर्गणी दिलीय तो विचारतो, "अहो, पेटी का नाही आली?" फुकट आलेल्या गोष्टीबद्दल असं कोणी विचारत नाही.

आता आमची फजिती सांगते. दांडिया बाजारातल्या आम्ही सहा-सात जणांनी ठरवलं की किनाऱ्यावर तरुणांसाठी शिबिर घ्यायचं. दिवाळीच्या सुट्टीत, कारण सुट्टी आम्हाला होती! बॅनर छापला, वक्ते नेले, पाण्याच्या बाटल्या नेल्या. समोर बसले कोण? म्हातारे, बाया आणि लहान मुलं. तरुण एकही नाही. सगळे समुद्रात, दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवस. दिवाळी म्हणजे त्यांचा भर हंगाम. एवढं साधं आम्ही कोणाला विचारलंच नव्हतं. करिअर मार्गदर्शनाचं भाषण एका आजोबांनी मात्र शेवटपर्यंत ऐकलं.

परतताना एका मावशींनी विचारलं, "पाछा क्यारे आवशो?" बडोद्यात वाढलेल्या माणसाला याचं भाषांतर लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते: परत कधी येणार? आम्हाला उत्तर देता आलं नाही.

मासेमारी जून-जुलैत बंद असते. बोटी ओढून वर काढलेल्या, पोरं घरी, जाळी विणत बसलेली. जायचं तेव्हा! रस्ते वाईट, उकाडा, पाऊस, सगळं मान्य. पण माणसं तेव्हाच सापडतात. बंदी उठली आणि नवा हंगाम लागला की पुन्हा गावात म्हातारे आणि बाया.

(जागा बदलून, सूरसागरच्या कट्ट्यावर)

याच किनाऱ्यावर लोकांपर्यंत पोचण्याचं एक काम मात्र खरोखर जमलेलं आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सौराष्ट्राच्या समुद्रात व्हेल शार्क येतो. जगातला सगळ्यात मोठा मासा, पण माणसाच्या वाटेला जात नाही. त्याच्या यकृताचं तेल बोटींच्या लाकडाला चोपडायचे, म्हणून शिकार. पुढे मांसाला परदेशी गिऱ्हाईक मिळालं आणि शिकार वाढली. गळाला पिंपं बांधायचे, म्हणून माशाचं नावच पडलं बॅरल. २००१ मध्ये कायद्याने संरक्षण दिलं. पण खोल समुद्रात कायदा कोण बघतो?

२००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, वनखातं आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम काढली. टाटांचं मिठापूर तिथलंच, ओखामंडळातलं. रामकथा सांगणाऱ्या मोरारी बापूंनी लोकांना सांगितलं की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. तिला मारायचं? नाव दिलं "व्हाली", म्हणजे लाडकी. गावोगाव नाटकं झाली, खऱ्या मापाचा फुगवलेला मासा फिरवला. माहेरवाशीण हा शब्द आपल्याला वेगळा समजवावा लागतो का? तसंच तिथे झालं. बॅरल होता तेव्हा गळ टाकायचे, व्हाली झाली तेव्हा हात थांबले.

पण जाळ्यात अडकलेली व्हाली सोडवायची तर जाळं कापावं लागतं, आणि नुसत्या भावनेवर जाळं कापलं जात नाही, ते हजारो रुपयांचं असतं. म्हणून कापलेल्या जाळ्याची भरपाई ठेवली. मच्छीमारांना कॅमेरे दिले, सुटकेचे फोटो त्यांनीच काढायचे. असे शेकडो मासे सुटलेत. भरपाई नसती तर बापूंचे शब्द कथेच्या मांडवातच राहिले असते, असं माझं स्पष्ट मत आहे. कोणाला पटणार नाही, चालेल.

मग आम्ही काय बदललं? बॅनर बंद. गेल्या जूनमध्ये फक्त दोघी गेलो, पेटी घेऊन. मराठी पुस्तकं नाहीत हं, काकू! तुम्ही प्रेमाने दिलेले दिवाळी अंक इथेच आहेत, तिथे गुजरातीच चालतं. मुलांनी गोष्टीची पुस्तकं बाजूला सारली आणि इंजिन दुरुस्तीचं पुस्तक मागितलं. ते आमच्याकडे नव्हतं. मुलींनी मात्र पेटी दोन दिवसांत रिकामी केली. आठवीनंतर हायस्कूल लांब पडतं म्हणून घरी बसलेल्या मुली या. त्यातल्या एकीला आम्ही वहीत नोंद करायला शिकवत होतो, तर तिने आमची वही बाजूला ठेवून स्वतःची काढली. नाव, पुस्तक, तारीख आणि चौथा रकाना: "फाटलं का?"

पेटीची किल्ली तिच्याकडेच आहे. या जूनसाठी तिने यादी पाठवलीय, सगळ्यात वर डिझेल इंजिन, खाली पाककृती, त्याखाली भुतांच्या गोष्टी. इंजिनाचं गुजराती पुस्तक कोणाकडे असेल, जुनं, तेलाचे डाग पडलेलं असलं तरी चालेल, तर खाली लिहा. मी रावपुऱ्यात येऊन घेऊन जाईन.