काकांचा जुना डेक खरंच भारी वाजायचा का?

(नॉब फिरवत) ऐकलंत? खर्र... खर्र... हे गाण्यातलं नाही. व्हॉल्यूमच्या कंट्रोलमध्ये चाळीसेक वर्षांची धूळ बसलीय.

प्रत्येक घरात एक काका असतात, "आमच्या डेकचा आवाज आता कशालाच नाही" म्हणणारे. काका अर्धे बरोबर आहेत.

अँप्लिफायर, म्हणजे सिग्नल वाढवून स्पीकरला देणारा भाग, तो खरंच भारी होता. पायोनिअरचा एसएक्स-780 घ्या, 1978चा. डाव्या-उजव्या प्रत्येक चॅनलला 45 वॅट, डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातला बिघाड, 0.05 टक्के. घरी गाणी ऐकताना एवढं कानाला कळतही नाही. नव्यात आकडा आणखी खाली आला, पण ऐकणार कोण?

मग जुन्याचा बेस गोड का लागतो? हे बटण बघा, लाउडनेस. हळू आवाजात आपल्याला बेस कमी ऐकू येतो, म्हणून हे तो वाढवून देतं. कित्येक घरांत ते एकदा दाबलं ते दाबलेलंच! नव्या अँपवर बऱ्याचदा हे बटणच नसतं. काकांना आवडतंय ते बटण.

जुन्या आणि नव्या अँपची तुलना मी अशी केली. लाउडनेस बंद, बेस-ट्रेबल मधोमध, स्पीकर तेच. 400 हर्ट्झचा टोन लावला, स्पीकरच्या टर्मिनलला मल्टिमीटर लावून दोन्ही अँपचे व्होल्ट सारखे केले. हे टाळू नका, कारण किंचित मोठं वाजतं तेच आपल्याला चांगलं वाटतं. मग पाठ फिरवून बसलो, मित्र अँप बंद करून वायरी बदलत राहिला. कुठला अँप वाजतोय, मला एकदाही खात्रीने सांगता आलं नाही.

आता स्पीकर. इथे काका हरतात. (वूफरच्या कडेला बोट लावत) बघा, जळक्या पापडासारखा चुरा. ही फोमची कड पंधरा-वीस वर्षांत अशी होते. मग कोन, म्हणजे पुढचा हलणारा शंकू, मधोमध राहत नाही, मागची तारेची कॉइल घासते. कड बदलून मिळते म्हणा, आणि रबराची किंवा कापडाची असेल तर बरीच टिकते.

पण स्पीकरच्या खोक्याचं काय? भोकवाल्या खोक्याचं नीट गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961मध्ये मांडलं, आणि जगभर पोचलं ते 1971नंतर. त्याआधीची बरीच खोकी अंदाजपंचे. आज ते काम कॉम्प्युटरवर होतं, म्हणून आजची मध्यम किमतीची जोडीही बहुतेक वेळा पुढे असते. जोडी म्हणतोय मी! एका डब्याच्या ब्लूटूथ स्पीकरला डावं-उजवं कुठून येणार? तिथे काकांचा डेक आजही जिंकतो.

तेव्हा जुना अँप, नवे स्पीकर. माझ्या घरी हेच आहे. अँप घेताना गाणं न लावता आवाज वाढवून बघा. घुर्रर्र आलं तर आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, गेलेले असू शकतात, तो खर्च किमतीत धरा.

आणि प्लग लावायच्या आधी मागची पट्टी वाचा. जपानमधल्या बाजारासाठी बनलेला सेट 100 व्होल्टचा असतो. आपल्या 230 व्होल्टवर तो थेट लावलात, तर आधी धूर येईल.