‘गुलामगिरी’चे परीक्षण

(दृश्य : जुन्या पुण्यातील वाडे, छापखान्यात खिळे जुळवणारे हात.)

जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झाले आणि लगेच पुढच्या वर्षी, जानेवारी १८७४ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ हे मासिक सुरू केले. मराठीत ग्रंथपरीक्षणाला वजन मिळवून देणाऱ्यांमध्ये चिपळूणकरांचे नाव आधी घ्यावे लागते. तरीही फुल्यांचे लेखन त्यांच्यासमोर आले, तेव्हा त्यांच्या धारदार लेखणीने सर्वाधिक समाचार घेतला तो भाषेचा आणि व्याकरणाचा. बाहेरून आलेल्या आर्य ब्राह्मणांनी इथल्या शेतकरी-शूद्रांना जिंकून गुलाम केले, हा पुस्तकातील मूळ आरोप खरा की खोटा, या प्रश्नाला त्या उपहासात पुरेशी जागाच उरली नाही. शैली म्हणून ती टीका आजही वाचनीय वाटते, परीक्षण म्हणून मात्र तोकडी पडते.

(दृश्य : पुस्तकाची पाने उलटताना.)

या पुस्तकाला एक प्रस्तावना इंग्रजीत आहे आणि एक मराठीत. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला हा लेखक राज्यकर्त्यांशी त्यांच्या भाषेत बोलतो आणि शेतकऱ्यांकडे वळला की बोलीच्या वळणाची, रांगडी मराठी लिहितो. म्हणजे वाचक बदलला की भाषा बदलायची, हे त्याला नेमके कळत होते. मग परीक्षकाने अशुद्ध शब्दांची यादी करण्यापूर्वी, ही भाषा कोणासाठी योजली आहे, हे विचारायला नको काय?

पुढचा प्रश्न रचनेचा आहे. सोळा भागांचे हे पुस्तक जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून उलगडते. मत्स्य, वराह, नरसिंह, वामन अशा एकेका अवतारकथेवर धोंडीबा शंका विचारतो आणि जोतीराव त्या कथेमागे आक्रमणाचा इतिहास शोधतात. अक्षरओळख नसलेल्यांनाही वाचून दाखवता येईल, असा हा घाट आहे. मात्र धोंडीबा जोतीरावांना फारसे अडवत नाही, आणि त्यामुळे वादाची धार काही ठिकाणी बोथट होते, हेही परीक्षकाने स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

(दृश्य : शेताच्या बांधावरचा शेंदूर फासलेला दगड.)

सर्वांत अवघड भाग आहे तो व्युत्पत्तींचा. म्हसोबा म्हणजे बळीराजाचा महासुभा, मोठ्या प्रांताचा अधिकारी, असे फुले सांगतात. खंडोबा आणि जोतिबा यांनाही ते बळीच्या राज्यातील अधिकारी ठरवतात. भाषाशास्त्राच्या कसोटीवर यातले बरेच टिकणार नाही, आणि ते तसे सांगण्यात लेखकाचा अवमानही नाही. आर्य बाहेरून आले, हा त्या काळच्या युरोपीय पंडितांचा सिद्धान्त स्वीकारून फुल्यांनी त्याचा रोख उलटा फिरवला. त्या सिद्धान्ताच्या मर्यादा त्यांच्या मांडणीतही उतरल्या आहेत. पण एवढे लिहून लेखणी खाली ठेवली, तर निम्मे पुस्तक वाचायचे राहून जाते. ज्या दगडाला कुणबी दरवर्षी शेंदूर फासतो, त्याच्यामागे आपल्याच राज्याचा एक कारभारी उभा करून, आणि ओवाळताना बायका म्हणतात त्या ‘इडा पिडा जावो, बळीचे राज्य येवो’ या वाक्याला राजकीय मागणीचा अर्थ देऊन, फुले वाचकाच्या घरातलीच सामग्री पुराव्यादाखल त्याच्यापुढे ठेवतात. इतिहास म्हणून हा पुरावा कच्चा आहे, पण वाचकाला स्वतःकडे नव्या नजरेने पाहायला लावण्याचे त्याचे सामर्थ्य मोठे आहे. ही दोन्ही विधाने एकाच परीक्षणात शेजारी शेजारी यायला हवीत, आणि पहिल्याची भरपाई दुसऱ्याने होते असे भासवूही नये.

(दृश्य : हस्तलिखित पत्राचा कागद.)

१८८५ मध्ये पुण्यात भरणाऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण फुल्यांना आले, तेव्हा त्यांनी पत्राने नकार कळवला. जे लोक माणसांना त्यांचे हक्क देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभापुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. आपले परीक्षण कोणी आणि कोणत्या भूमिकेवरून करावे, याविषयी लेखकानेच घेतलेली ही हरकत आहे, आणि ‘गुलामगिरी’वर लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला आजही आधी तिचे उत्तर द्यावे लागते.