गोळ्यांची पिशवी सोबत आणा

सकाळची पहिली एसटी देवगडला लागते तेव्हा उतरणाऱ्यांत दोन-तीन आजी-आजोबा तरी असे असतात, ज्यांचा हात कुणीतरी धरलेला असतो. मोतीबिंदूच्या तपासणीला आलेत. आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, "माका डोळ्याशिवाय काय त्रास नाय."

मग बीपी बघतात, शुगर बघतात आणि एकेक बाहेर पडायला लागतं.

ही आजी बघा. सत्तरी उलटलीय. जन्मभर भातलावणी केली, पाठ अशी वाकलीय की सरळ झोपताच येत नाही. आता डोळ्याच्या ऑपरेशनला पाठीचं काय, तर भूल फक्त डोळ्यापुरती असते, पेशंट जागाच असतो, १५-२० मिनिटं उताणं गप्प पडून राहावं लागतं आणि हत्यार डोळ्यात असताना खोकला येऊन डोकं हललं तर काय होईल विचार करा. म्हणून सिस्टर तिला आधीच आडवं करून बघतायत. मानेखाली उशी, उशीवर घडी घातलेली चादर.

शुगर जास्त असली की इन्फेक्शनची भीती, जखम भरायलाही वेळ लागतो. नाकाजवळच्या अश्रूंच्या नळीत पाणी सोडून बघतात, पू आला तर आधी त्याचा इलाज.

आणि आजोबांची ती लघवीची गोळी! कुणी सांगतच नाही, सुनेसमोर तर नाहीच नाही. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडतो, ऐन ऑपरेशनमध्ये बाहुली आकसते. डॉक्टरांनी हे २००५ साली पहिल्यांदा मांडलं. गोळी बंद केली तरी धोका पूर्ण जात नाही, पण सर्जनना आधी कळलं तर ते तयारीने उतरतात. रक्त पातळ करायची गोळीसुद्धा मनाने बंद करू नका हो, मोतीबिंदूला बऱ्याचदा ती चालूच ठेवतात.

म्हणून घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत भरून आणा, रिकामी झालेली पण.

आजी सहाव्या मिनिटाला खोकली. आधी छातीचं औषध, तारीख पंधरा दिवस पुढे. मुंबईहून रजा काढून आलेला मुलगा हिरमुसला. आजी उठून बसली, पदर सारखा केला आणि सिस्टरना म्हणाली, "गणपतीक दिसाक व्हया हां माका."