एसीतला गॅस संपत नाही, गळतो

नमस्कार श्रोतेहो.

मार्च उलटला की पुण्यात एसी दुरुस्त करणाऱ्यांना उसंत मिळत नाही. बहुतेक तक्रारींची सुरुवात ठरलेली असते: "एसी गार करत नाही, गॅस संपला असेल, भरून द्या." आज मला मुख्यतः याच समजुतीबद्दल बोलायचं आहे, कारण तिच्यापायी दर उन्हाळ्यात लोकांचे पैसे नाहक जातात.

एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो गॅस फिरत राहतो. खोलीतली उष्णता उचलायची आणि बाहेरच्या युनिटमधून हवेत सोडायची, एवढंच त्याचं काम. थंडीत गरम हवा देणारे 'हॉट अँड कोल्ड' एसी हेच चक्र उलटं फिरवतात, आणि सोसायटीच्या गच्चीवरचा पाणी तापवणारा हीट पंपही त्याच तत्त्वावर चालतो. नळ्या शाबूत असतील तर वर्षानुवर्षं गॅस भरावा लागत नाही. तो कमी झाला, याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न काढता गॅस भरला, तर पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा तोच खर्च.

म्हणून मेकॅनिकने "गॅस कमी आहे" असं सांगितलं, तर त्याला शांतपणे म्हणा, "गळती कुठे आहे ते दाखवा." बहुतेकदा ती बाहेरच्या युनिटला नळ्या जोडतात, त्या नटापाशी सापडते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपाचं, तेलही फिरत असतं, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो आणि त्यावर काळी धूळ चिकटते. तिथे साबणाचा फेस लावला की बुडबुडे येताना तुम्हालाही दिसतील. जोड दुरुस्त करून नायट्रोजनने दाब तपासायचा, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढायची, आणि मग युनिटवरच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरायचा. अंदाजाने भरू देऊ नका. हल्लीच्या बऱ्याच एसींमध्ये आर-३२ नावाचा गॅस असतो. तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे गॅस काढून न घेता नळीला वेल्डिंगची ज्योत लावणं धोक्याचं आहे.

पण गॅसची शंका घेण्याआधी हवा बघा. मेट्रोची कामं, रस्त्यांची खोदाई, बाणेर-वाकडकडची बांधकामं, यांमुळे आपल्याकडे धूळ भरपूर. घरातल्या युनिटमधली हवा गाळणारी जाळी उन्हाळ्यात दर पंधरवड्याला नळाखाली धुवायला हवी. ती चोंदली की कॉइलवरून, म्हणजे आतल्या थंड नळ्यांवरून, हवा कमी वाहते, कॉइल गोठणबिंदूच्या खाली जाते आणि तिच्यावर चक्क बर्फ जमतो. हा बर्फ सुरीने खरवडू नका, नळीला भोक पडेल. कूलिंग बंद करून तासभर, लागलं तर दोन तास नुसता पंखा चालू ठेवा, जाळी धुवा आणि मग पुन्हा सुरू करा. जाळी स्वच्छ असूनही बर्फ धरला, तर मात्र गळती शोधायला हवी.

दुसरी अडचण आपल्या फ्लॅटमध्येच बांधलेली असते. बाहेरचं युनिट ड्राय बाल्कनीत, त्याच्यासमोर वॉशिंग मशिन, वर वाळत घातलेले कपडे, बाहेरून काचेची स्लायडिंग. युनिटने फेकलेली गरम हवा तिथेच कोंडते आणि तेच युनिट ती पुन्हा ओढून घेतं. बाहेर अडतीस अंश असताना त्या बाल्कनीत त्याहून कितीतरी जास्त तापलेलं असतं. मग दुपारी एसी बंद पडतो आणि संध्याकाळी आपोआप नीट चालायला लागतो. अशा वेळी नवं काहीही विकत घेण्याआधी स्लायडिंग उघडा, समोरचं सामान हलवा. मागच्या पातळ पात्यांत कबुतरांची पिसं अडकलेली असतात, तीही वीज बंद करून काढून घ्या. युनिट डक्टमध्ये, हात न पोचणाऱ्या जागी असेल, तर मेकॅनिकला सेफ्टी बेल्टशिवाय खाली उतरू देऊ नका. ही मुलं पाचव्या-सहाव्या मजल्यावर नुसत्या अँगलवर उभी राहून काम करतात, आणि घरमालकांनी ठामपणे अडवल्याशिवाय हे थांबणार नाही.

तापमान १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होते, असंही नाही. जानेवारी २०२० पासून आपल्याकडे एसी सुरुवातीला २४ अंशांवरच सुरू होतील असा नियम आहे. २४ ठेवून पंखा लावा, पुरतं. गुरुवारी देखभालीसाठी गेलेली वीज परत आली की पाच मिनिटं थांबून एसी लावा. युनिट नुसतंच घुमतंय आणि पंखा फिरत नाही, असं झालं तर कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू करून देणारा भाग, गेला असण्याची शक्यता मोठी. स्वस्तात बदलून मिळतो, पण स्वतः हात लावू नका, वीज बंद केल्यावरही त्यात विजेचा भार राहतो.

आता गच्चीवरचा हीट पंप. उन्हाळ्यात बोअरचं आणि टँकरचं पाणी वाढतं, त्यातले क्षार आतल्या नळ्यांवर थर धरतात. उष्णता पाण्यात उतरत नाही, दाब वाढतो आणि पंप सारखा ट्रिप होतो. टाकीतलं पाणी उन्हानेच कोमट झालेलं असतं, तरी सेटिंग हिवाळ्याचंच राहिलेलं असतं. तुम्ही सोसायटीच्या कमिटीवर असाल, तर येत्या रविवारी गच्चीवर जाऊन ते किती अंशांवर आहे ते बघा, आणि क्षार काढण्याचं काम शेवटचं कधी झालं ते देखभालीच्या वहीत तपासा. नोंदच सापडली नाही, तर पुढच्या मीटिंगमध्ये तो विषय घ्या.

नमस्कार.