हिमोग्लोबिन कमी आलंय, पण कशामुळे?

जांभळ्या टोपणाची ही नळी. आत दोन-तीन मिलिलिटर रक्त आणि ते गोठू नये म्हणून ईडीटीए. रक्त घेतल्यावर नळी आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी करायची. जोरात हलवली तर पेशी फुटतात, तशीच ठेवली तर रक्ताच्या गाठी होतात आणि रिपोर्ट बिघडतो.

यंत्रात पेशी बारीक छिद्रातून एकेक करून सरकतात. प्रत्येक पेशी जाताना विजेचा प्रवाह क्षणभर अडखळतो आणि त्यावरून पेशी मोजली जाते, तिचं आकारमानही कळतं. ही युक्ती वॉलेस कोल्टर यांची. पेटंट १९५३ चं.

सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या या मोजणीचा, रिपोर्ट आला की आधी नजर जाते हिमोग्लोबिनवर. पुरुषांत १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅमच्या (डेसिलिटरमागे) खाली असेल तर तो अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्तक्षय. बहुतेक जण इथेच थांबतात, लोहाच्या गोळ्या सुरू होतात. याचं फार वाईट वाटतं, कारण त्याच कागदावर चार ओळी खाली कारणाचा माग असतो.

ती ओळ एमसीव्हीची, म्हणजे तांबड्या पेशीच्या सरासरी आकारमानाची. ८० ते १०० फेम्टोलिटर हे नेहमीचं. शंभरच्या वर गेलं तर बी-१२ किंवा फोलेट या जीवनसत्त्वांच्या कमतरतेची शंका घ्यायची. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड (गोळीतलं फोलेट) दिलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, पण आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

८० च्या खाली असेल तर मात्र नीट बघावं लागतं. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात आणि त्यांची संख्याही घटते. थॅलेसेमिया मायनरमध्ये, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाच्या सौम्य रूपात, पेशी इवल्याशा, पण संख्या भरपूर, कधी मायक्रोलिटरमागे ५० लाखांच्याही वर. अशा वेळी एचपीएलसी या तपासणीने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून त्यातलं एचबीए-२ किती आहे ते बघतात. आई-वडील दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर हे गंभीर रूप होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून हे वेळेत कळायलाच हवं.

लोहाचा साठा दाखवतं फेरिटिन. हिमोग्लोबिन उतरण्याआधीच ते उतरतं. पण अंगात जंतुसंसर्ग किंवा सूज असली तर ते वाढतं आणि लोह कमी असूनही आकडा नॉर्मल दिसतो. म्हणून सोबत सूज दाखवणारं सीआरपी बघावं.

आता ही काच, सूक्ष्मदर्शकाखाली. तांबड्या पेशी कडेला जेमतेम रंगलेल्या, मध्ये फिकट, काही पेन्सिलीसारख्या लांबुळक्या. लोहाच्या कमतरतेचं हे चित्र अनुभवी डोळा लगेच ओळखतो.

तरी प्रश्न उरतोच: लोह गेलं कुठे? पन्नाशीतल्या पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या बाईला लोह कमी पडलं, तर पोटातून किंवा आतड्यातून नकळत रक्त जातंय का, हे दुर्बिणीने तपासावं लागतं. गोळ्यांनी आकडा वर आला म्हणून ही तपासणी पुढे ढकलू नका.