लुईझियानाचा शिमगा

(ह्यूस्टनमधल्या मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, ह्यूस्टनहून पूर्वेला निघालं की तीन-साडेतीन तासांत लुईझियानातलं लाफायेट येतं. आपण तिथं पेट्रोल भरतो, कॉफी घेतो आणि थेट न्यू ऑर्लिन्स गाठतो. बर्बन स्ट्रीट, गळ्यात मण्यांच्या माळा, चार फोटो, रविवारी परत. मला वाटतं, मार्दी ग्राच्या सणाला लाफायेटच्या आसपास महामार्ग सोडावा आणि युनिस, मामू, चर्च पॉइंट या गावांकडे वळावं. माझी कसोटी साधी आहे. आपण गेलो नसतो तरी जे झालंच असतं, ते बघायला जावं.

मार्दी ग्रा म्हणजे ख्रिस्ती उपवासाचे दिवस सुरू होण्याच्या आदला मंगळवार. फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला येतो. त्या सकाळी (चर्च पॉइंटला मात्र आदल्या रविवारी) या गावांतून घोड्यांवर आणि ट्रेलरांवर बसून टोळ्या निघतात. अंगात चिंध्यांच्या झालरींचे रंगीबेरंगी कपडे, डोक्यावर उंच निमुळती टोपी, तोंडावर तारेच्या जाळीचा मुखवटा. पुढं कॅप्टन. तो मात्र उघड्या चेहऱ्यानं असतो आणि त्याच्या हातात पांढरं निशाण असतं. तो एकटाच घराशी जातो, मालकाची परवानगी मागतो. होकार मिळाला की निशाण हलतं आणि सगळी टोळी अंगणात घुसते. फ्रेंचमधलं जुनं गाणं म्हणते, नाचते, गुडघे टेकून मागते. घरचे तांदूळ देतात, कांदे देतात, आणि कुणी जिवंत कोंबडी हवेत सोडून देतं. मग चिखलातून तिच्यामागे धावाधाव. संध्याकाळी त्या जमलेल्या शिध्यातून गावाचा एकच गम्बो, म्हणजे दाट रस्सा, शिजतो.

तुमच्यात कुणी दापोली-गुहागरकडचं असेल तर त्याला एव्हाना शिमग्यातला संकासुर दिसू लागला असेल. तीच उंच टोपी, तोच मुखवटा, दारोदार फिरणं, पोस्त मागणं, आणि काळही फाल्गुनाच्या आसपासचा. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण ज्यानं लहानपणी दारात खेळे आलेले पाहिलेत, त्याला मामूच्या अंगणात कुणी काही समजावून सांगायला लागत नाही.

ते गाणं फ्रेंचमध्ये का, हे मात्र समजून घेऊन जा. आज कॅनडात असलेल्या अकेडियामधल्या फ्रेंच शेतकऱ्यांना ब्रिटिशांनी 1755 पासून हुसकावून लावलं. त्यातले अनेक फिरत फिरत लुईझियानाच्या दलदलीत आणि माळांवर येऊन वसले. अकेडियनचं बोलण्यात केजन झालं. 1921 च्या राज्यघटनेनं शाळेत फक्त इंग्रजीतून शिकवण्याचं बंधन घातलं. फ्रेंच बोलणाऱ्या पोरांना शिक्षा होत, एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहायला लावत. एक अख्खी पिढी आपल्या मुलांशी स्वतःच्या भाषेत बोलायला लाजली. 1968 साली राज्यानंच फ्रेंच जपण्यासाठी मंडळ नेमलं, पण तोवर फार उशीर झाला होता. तरी दरवर्षी त्या अंगणात ते गाणं म्हटलं जातं. म्हणणाऱ्या कित्येकांना एरवी फ्रेंच बोलता येत नाही. परदेशात मुलांशी मराठी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना ते ऐकताना पोटात कालवतं, निदान मला तरी.

आता गम्बो. पीठ तेलात, हात न थांबवता, चॉकलेटी रंगावर येईपर्यंत परतायचं. त्यात कांदा, सेलरी, ढोबळी मिरची. चोक्टॉ या मूळच्या लोकांनी दिलेली ससाफ्रासच्या पानांची पूड. आणि ‘गम्बो’ हा शब्द? तो आफ्रिकेतल्या बांटू भाषांतल्या भेंडीच्या नावावरून आला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मामूच्या कोंबडीच्या गम्बोत भेंडी बहुधा नसते, पण नाव तिचंच राहिलं.

ते नाव आणणारी माणसं गुलाम म्हणून आली होती. मिसिसिपीच्या काठानं मळेवाल्यांचे सुंदर वाडे आहेत, ओकच्या कमानी आहेत, तिथं लग्नं लागतात. त्याऐवजी व्हिटनी प्लँटेशनला जा. 2014 साली उघडलेलं हे संग्रहालय मालकाच्या वाड्याऐवजी गुलामांची गोष्ट सांगतं. तिथं दगडावर लुईझियानातल्या लाखाहून अधिक गुलामांची नावं कोरलेली आहेत. मुलांनाही न्या. घाईत बघू नका.

आणि मग न्यू ऑर्लिन्सला जरूर जा, पण ट्रेमे या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीत. कृष्णवर्णीयांना विमा मिळत नसे, तेव्हा त्यांनी वर्गणी काढून मंडळं उभारली. आजारपण आणि अंत्यविधी मंडळ बघे. ती मंडळं अजून आहेत. कडक उन्हाळा सोडला तर बहुतेक रविवारी त्यांची मिरवणूक निघते. पुढं मंडळाची माणसं आणि बँड ही पहिली ओळ, मागून येणारे सगळे दुसरी ओळ, म्हणून नाव ‘सेकंड लाइन’. रविवारच्या मिरवणुकीत तुम्ही खुशाल सामील व्हा, तिथं आमंत्रण लागत नाही.

अंत्ययात्रा दिसली तर फोन खिशात ठेवा आणि बाजूला उभे राहा. बँड आधी संथ, जड सूर वाजवत चालतो. मग एका ठिकाणी शवपेटीला निरोप देतात, तिची गाडी पुढं निघून जाते, ढोलाची लय बदलते आणि रडणारी माणसं रुमाल उंचावून नाचू लागतात. शेजारच्या आजीनं हाताला धरून ओढलं तर मागे सरू नका.