सात लिहा

(सांगलीतील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, माझ्या हातात हा गोल्फचा चेंडू आहे. पुढच्या रांगेतल्या मुलांनो, हातोहात मागे जाऊ द्या. दिसायला लिंबाएवढा, पण बोटांनी चाचपून बघा, अंगभर बारीक खळगे लागतील. ते शोभेसाठी केलेले नाहीत. त्या खळग्यांमुळे हवा चेंडूच्या पाठीला जास्त वेळ चिकटून राहते आणि मागे ओढणारा जोर कमी होतो. असाच गुळगुळीत चेंडू तेवढ्याच फटक्यात जेमतेम निम्मं अंतर जाईल. याचं वजन ४५.९३ ग्रॅमच्या वर चालत नाही. आणि तो घालायचा कुठे? १०८ मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच रुंद खड्ड्यात. गोट्या खेळताना आपण टाच फिरवून गल करायचो ना, तशीच ती गल. फक्त आपण उभे असतो तिथून तीन-चारशे मीटर लांब.

सांगली हे विजय हजाऱ्यांचं गाव. इथे धावा वाढल्या की टाळ्या पडतात. गोल्फचा हिशोब उलटा: फटके जितके कमी, तितका खेळ चांगला. पूर्ण मैदानावर १८ होल्स. प्रत्येकाची सुरुवात टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, शेवट ग्रीनवर, म्हणजे बारीक कापलेल्या हिरवळीवर. चांगल्या खेळाडूला एखाद्या होलला किती फटके लागावेत, तो आकडा म्हणजे पार. बहुधा ३, ४ किंवा ५. त्यात ग्रीनवरचे दोन हलके फटके, म्हणजे पट, धरलेलेच असतात. म्हणून पार ४ चं होल असेल तर दोन फटक्यांत ग्रीन गाठायचं आणि दोन पटमध्ये चेंडू आत घालायचा. एक फटका वाचला तर बर्डी, दोन वाचले तर ईगल, एक जास्त लागला तर बोगी. अठरांची बेरीज बऱ्याच मैदानांवर ७२ भरते.

मुलांना वाटतं, हुकलेला फटका कोण धरतं? इथे धरतात. मारायच्या इराद्याने काठी फिरवली आणि चेंडू जागचा हलला नाही, तरी एक झाला. पहिलाच फटका हद्दीबाहेर गेला तर एक दंडाचा, आणि परत त्याच जागेवरून मारायचा तो तुमचा तिसरा.

हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सूट. तिच्यामुळे नातू आणि आजोबा एकमेकांविरुद्ध खेळू शकतात. नातवाचा हँडिकॅप ४ आणि फटके ७८, आजोबांचा १८ आणि फटके ९०. वजा करा. नातू ७४, आजोबा ७२. आजोबा जिंकले.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. आपल्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा चारचौघांसमोर होतो. गोल्फमध्ये तुम्ही झाडीत, बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, एकटे असता. रोजच्या खेळात पंच नसतो. जोडीदार तुमचं कार्ड लिहितो, पण तुम्ही सांगाल ते.

पुण्यात नोकरीला असताना माझा चेंडू एकदा बंकरच्या वाळूत गेला. सराव म्हणून काठी फिरवली आणि तिचं टोक वाळूला लागलं. जोडीदार, वयाने बरेच मोठे, पलीकडे होते. ग्रीनवरून उतरताना त्यांनी विचारलं, "किती?" मी म्हणालो, "पाच." दहा पावलं गेलो असेन, पाय पुढे पडेना. सराव करताना वाळूला स्पर्श झाला की दोन दंडाचे, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, "काका, सात लिहा." त्यांनी ५ खोडला, ७ लिहिला आणि पुढच्या टीकडे चालू लागले.

नियम किती कडक, ते अमेरिकेतल्या १९६८ च्या मास्टर्स गोल्फ स्पर्धेत दिसलं. अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दे व्हिसेन्झोंचा त्या दिवशी ४५ वा वाढदिवस होता. सतराव्या होलवर त्यांना ३ फटके लागले. ते सगळ्यांनी पाहिले. जोडीदाराने चुकून ४ लिहिले आणि यांनी न तपासता सही केली. सही केलेला आकडा खऱ्यापेक्षा जास्त असला तर तोच कायम राहतो, कमी असला तर खेळाडू बाद. बॉब गोल्बींशी बरोबरी झाली असती, दुसऱ्या दिवशी निर्णायक फेरी झाली असती. एका आकड्याने ती संधी गेली. गोल्बी २७७, दे व्हिसेन्झो २७८.

चेंडू शेवटच्या रांगेपर्यंत पोचला का? आता तो परत पुढे येऊ द्या, तोवर प्रश्न विचारा.